शाईचा ठिपका, स्वस्त कागद आणि चित्राची मालकी

अमेरिकेतील विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांच्या चित्रांचा इतिहास बहुधा कल्पनाशक्तीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परग्रहावरचे नगर प्रथम कोणी रंगवले, यंत्रमानवाला चेहरा कोणी दिला, उडत्या तबकडीचा आकार कोणाच्या कुंचल्यातून उतरला, असे प्रश्न त्यात पुढे येतात आणि चित्रकार द्रष्टा म्हणून उभा राहतो. या मांडणीत तथ्य आहे, पण चित्रकाराचे पोट तिच्यात कोठेच दिसत नाही. ही चित्रे काढणारे बहुतेक लोक मुक्त व्यावसायिक होते, म्हणजे कोणत्याही प्रकाशनसंस्थेच्या पगारपत्रकावर त्यांचे नाव नव्हते आणि चित्रागणिक ठरलेला मोबदला घेऊन ते संसार चालवत होते. त्यामुळे चित्र कोणत्या कागदावर छापले जाणार, त्याचे किती डॉलर मिळणार आणि छपाई उरकल्यावर मूळ चित्र कोणाच्या ताब्यात राहणार, या तीन गोष्टींनी त्यांच्या आयुष्याचीच नव्हे, तर त्यांच्या शैलीचीही घडण केली. व्हर्जिल फिन्ले (१९१४–१९७१) यांच्या कारकिर्दीत या तिन्ही गोष्टी जितक्या स्पष्टपणे एकत्र दिसतात तितक्या त्यांच्या कोणत्याही समकालीनाच्या कारकिर्दीत दिसत नाहीत, आणि म्हणून या व्यवसायाचा विचार त्यांना मध्यभागी ठेवून करणे योग्य ठरते.

फिन्ले ज्या मासिकांसाठी चित्रे काढत त्यांना ‘पल्प’ म्हणत, आणि हे नाव लाकडाच्या लगद्यापासून तयार केलेल्या स्वस्त, जाडसर कागदावरून पडले होते. फ्रँक मन्सी या प्रकाशकाने १८९६ मध्ये ‘आर्गसी’ हे आपले मासिक संपूर्णपणे कथांना वाहून अशा कागदावर छापायला सुरुवात केली, आणि ते खपते असे दिसल्यावर गुप्तहेरकथा, प्रेमकथा, घोडेस्वारांच्या साहसकथा अशा एकेका प्रकाराची स्वतंत्र मासिके निघू लागली. शिकागोहून मार्च १९२३ मध्ये निघालेले ‘वीअर्ड टेल्स’ हे भय, गूढ आणि अद्भुत कथांचे मासिक आणि ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये सुरू केलेले ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांचे मासिक ही याच परंपरेतील होत. साधारण सात इंच रुंद आणि दहा इंच उंच अशा या अंकांची रचना ठरून गेली होती: मुखपृष्ठ गुळगुळीत कागदावर रंगीत छापायचे, कारण विक्रेत्याच्या मांडणीवर शेजारच्या वीस-पंचवीस अंकांतून गिऱ्हाइकाचा हात आपल्याकडे वळवण्याचे काम त्यालाच करायचे असे, आणि आतली पाने मात्र शक्य तितक्या कमी खर्चात काळ्या शाईत उरकायची. चित्रकारांतही त्यामुळे दोन थर पडले, एक मुखपृष्ठे करणाऱ्यांचा आणि दुसरा आतली कथाचित्रे करणाऱ्यांचा, आणि दोघांच्या मोबदल्यात अनेक पटींचे अंतर होते.

आतल्या चित्रांचा प्रश्न समजण्यासाठी छपाईची रीत थोडी पाहावी लागते. त्या काळी चित्र छापायचे म्हणजे त्याचा धातूचा ठसा करावा लागे. ऑफसेट छपाई रूढ होईपर्यंत मराठी छापखान्यांतही याच ठशाला ‘ब्लॉक’ म्हणत, आणि जुन्या संपादकांच्या बोलण्यात लाइन ब्लॉक व हाफटोन ब्लॉक हा भेद नेहमी येई. लाइन ब्लॉकसाठी चित्राचे लहान आकारात छायाचित्र घेऊन ते जस्ताच्या पत्र्यावर उतरवीत आणि आम्लाने कोरी जागा खोल खाऊन काढीत, म्हणजे जेथे काळे होते तेवढाच भाग उंच राहून शाई घेत असे. या पद्धतीला काळे आणि पांढरे एवढेच कळते, मधली करडी छटा कळत नाही. हाफटोनमध्ये चित्र आणि फिल्म यांच्यामध्ये बारीक जाळी धरून छटांचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर करतात, आणि म्हणून छायाचित्रासारखी सलग छटा छापता येते; परंतु जाळी जितकी बारीक तितका कागद गुळगुळीत लागतो आणि लगद्याच्या खरखरीत कागदावर बारीक जाळीचे ठिपके पसरून एकमेकांत मिसळतात व चित्राचा चिखल होतो. पल्पच्या आतल्या पानांवर म्हणून लाइन ब्लॉकला पर्याय नव्हता, आणि बहुतेक चित्रकार ठळक रेषा, कोरड्या कुंचल्याचे फटकारे आणि मोठे काळे भाग यांवर भिस्त ठेवून काम भागवत. छटा हवी असेल तर ती रेषेतून किंवा ठिपक्यांतूनच, हाताने, निर्माण करावी लागे.

या क्षेत्राचा पहिला मोठा चित्रकार फ्रँक आर. पॉल हे फिन्ले यांच्या आधीच्या पिढीचे. स्थापत्यरेखनाची तालीम असलेल्या पॉल यांच्या चित्रांत माणसे लाकडी वाटतात, पण यंत्रे, पूल, आकाशयाने आणि मनोरे असे उभे राहतात की त्यांचा आराखडा कारखान्यात पाठवता यावा. ‘अमेझिंग स्टोरीज’च्या पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ त्यांचेच होते. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे विज्ञानकथेच्या वाचकांचे पहिले जागतिक संमेलन भरले तेव्हा सन्मान्य अतिथी म्हणून एखाद्या लेखकाला न बोलावता पॉल यांना बोलावले गेले, यावरून त्या वाचकवर्गाच्या मनात चित्राचे स्थान काय होते ते कळते. साहित्याच्या इतिहासकारांनी या निवडीकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

व्हर्जिल फिन्ले यांचा जन्म २३ जुलै १९१४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे झाला. वडील लाकूडकाम करीत. महामंदीच्या काळात वयाच्या चाळिसाव्या वर्षी ते वारले आणि पत्नी, मुलगी व मुलगा यांना हलाखीचे दिवस आले. शाळेत असतानाच फिन्ले यांना चित्रकला आणि कविता या दोन्हींचा नाद लागला होता, आणि त्याच वयात ‘अमेझिंग स्टोरीज’ आणि ‘वीअर्ड टेल्स’ ही मासिके त्यांच्या वाचनात येऊ लागली. तेथील आतली चित्रे आपल्याला याहून चांगली काढता येतील असे वाटणारा वाचक दर पिढीत असतोच. फिन्ले यांनी १९३५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, सहा चित्रे कोणी न मागता ‘वीअर्ड टेल्स’चे संपादक फार्न्सवर्थ राइट यांना पाठवून दिली. राइट यांना चित्रे आवडली, मात्र इतके सूक्ष्म काम आपल्या कागदावर उमटेल की नाही याची त्यांना शंका होती. त्यांनी एका चित्राचा ब्लॉक करवून मासिकाच्याच कागदावर नमुना छापून पाहिला, तो समाधानकारक निघाला, आणि डिसेंबर १९३५ च्या अंकात फिन्ले यांचे काम प्रथम प्रसिद्ध झाले. पुढे १९५४ पर्यंत, म्हणजे त्या मासिकाचा मूळ अवतार संपेपर्यंत, त्याच्या ६२ अंकांत त्यांची चित्रे आली.

फिन्ले यांचे तंत्र जवळून पाहिल्याशिवाय राइट यांच्या शंकेचे आणि त्या नमुन्याच्या यशाचे मर्म लक्षात येत नाही. ते अनेकदा ‘स्क्रॅचबोर्ड’ वापरीत. हा चिनी मातीचा पांढरा, गुळगुळीत थर दिलेला पुठ्ठा असतो, त्यावर काळी शाई पसरून ती वाळली की धारदार टोकाने खरवडावे, म्हणजे काळ्यातून शुभ्र आणि कापल्यासारखी स्वच्छ रेषा निघते. अंधारात उजळलेला चेहरा, ताऱ्यांनी भरलेले आकाश, पाण्यात तरंगणारे केस हे विषय या साधनाला विशेष मानवतात, आणि ते फिन्ले यांच्या चित्रांत वारंवार येतात ते केवळ आवडीमुळे नव्हे. पांढऱ्या जमिनीवर काम करताना मात्र ते ठिपक्यांचा आश्रय घेत. अत्यंत बारीक निब शाईत बुडवायची, तिचे धातूचे टोक पुठ्ठ्याला लागू द्यायचे नाही, टोकाशी जमलेल्या शाईचा थेंबच तेवढा पृष्ठभागावर टेकवायचा. म्हणजे ओरखडा न उठता नेमका गोल ठिपका पडतो. निबेवर शाई वाळू लागली की ठिपक्याचा आकार बिघडतो, म्हणून ती सतत पुसावी लागते. ठिपके विरळ ठेवले की छटा फिकी होते, दाट केले की गडद होते, आणि गालाच्या गोलाईवरून ते वळणाने नेले की मांसाचा भरीवपणा दिसू लागतो. प्रत्येक ठिपका मात्र पूर्ण काळा असतो, आणि लाइन ब्लॉकला तेवढेच पुरते. हाफटोनची जाळी जे काम यांत्रिकपणे, सगळीकडे एकाच अंतराने करते तेच फिन्ले आकाराचा विचार करून हाताने करीत होते, आणि म्हणून स्वस्त कागदाने ज्या छटा नाकारल्या होत्या त्या त्यांच्या चित्रांतून त्याच कागदावर आल्या. या शैलीला पुष्कळदा ‘स्वप्नवत’ असे म्हटले जाते. तिचा पाया छापखान्याच्या अडचणीच्या अचूक जाणिवेत होता हे म्हटले जात नाही.

या पद्धतीत वेळ फार जाई, आणि मुक्त व्यावसायिकाच्या हिशेबात वेळ हाच सर्वांत महाग माल असतो. ‘वीअर्ड टेल्स’ आतल्या चित्राला सुमारे ८ डॉलर देत असे. चित्रकाराला आधी कथेचे हस्तलिखित पूर्ण वाचावे लागे, कथेचा शेवट फुटणार नाही पण वाचक ओढला जाईल असा प्रसंग निवडावा लागे, मग कच्चे रेखाटन आणि शेवटी पक्के काम. फिन्ले यांच्या सूक्ष्म चित्रांना यात अनेक दिवस लागत. घाईने चार चित्रे काढणाऱ्याला ३२ डॉलर आणि जीव ओतून एक काढणाऱ्याला ८, असा हा बाजार होता, आणि चांगल्या कामाला अधिक दर देण्याची त्यात काहीच सोय नव्हती. राइट यांचा दोष यात शोधणे अन्यायाचे ठरेल, कारण त्यांचे मासिक स्वतःच कर्जात चालत होते आणि फिन्ले यांच्या कलेवर त्यांची खरी निष्ठा होती. १९३५ मध्येच त्यांनी शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ची पल्प आकारातील आवृत्ती फिन्ले यांच्या चित्रांसह काढली, ती खपली नाही आणि योजलेली मालिका तेथेच थांबली.

मोबदल्याची जी बाजू पैशात मोजता येत नाही तीही या वर्तुळात होती. मासिकाचे वाचक संपादकाला पत्रे लिहून कथांइतकीच चित्रांची चिकित्सा करीत, आणि लेखक व चित्रकार यांचा परस्परांशी पत्रव्यवहार असे. भयकथालेखक एच. पी. लव्हक्राफ्ट यांनी रॉबर्ट ब्लॉक यांच्या ‘द फेसलेस गॉड’ या कथेसाठी फिन्ले यांनी काढलेले चित्र पाहून १९३६ मध्ये त्यांना उद्देशून कविता लिहिली. फिन्ले यांनी लव्हक्राफ्ट यांचे अठराव्या शतकातील सरदाराच्या वेशातील, डोक्यावर पांढरा टोप घातलेले चित्र काढले, आणि लव्हक्राफ्ट यांना त्या शतकाची किती ओढ होती हे जाणणाऱ्यालाच ते सुचू शकले असते. १९३७ मध्ये लव्हक्राफ्ट वारले, तरी त्यांचे ते रूप वाचकांच्या मनात कायम राहिले.

त्याच मासिकाची मुखपृष्ठे करणाऱ्या मार्गारेट ब्रंडेज यांची हकीकत येथे सांगणे आवश्यक आहे, कारण साधनाची निवड एखाद्या मुक्त व्यावसायिकाला किती महाग पडू शकते याचे तेवढे स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. १९०० साली शिकागोत जन्मलेल्या ब्रंडेज पेस्टलमध्ये, म्हणजे रंगीत भुकटीच्या मऊ खडूंनी, काम करीत आणि १९३२ ते १९४५ या काळात त्यांनी ‘वीअर्ड टेल्स’ची ६६ मुखपृष्ठे केली; एका मुखपृष्ठाचे ९० डॉलर मिळत. सही ‘एम. ब्रंडेज’ अशी असल्यामुळे चित्रकार स्त्री आहे हे बऱ्याच वाचकांना पुष्कळ काळ कळले नव्हते. मासिक शिकागोत होते तोवर चित्र हातात धरून कार्यालयात नेऊन देता येत असे. १९३८ मध्ये मासिक विकले जाऊन न्यूयॉर्कला गेले, तेव्हा स्पर्शाने पुसली जाणारी पेस्टलची चित्रे शेकडो मैल पाठवणे हे जोखमीचे काम होऊन बसले. त्यांच्या मुखपृष्ठांवरील नग्नतेविषयी नव्या मालकांची भूमिका कडक होती आणि मुखपृष्ठाचे दरही खाली आले. ब्रंडेज यांचे काम हळूहळू आटले आणि १९७६ मध्ये त्या गरिबीतच वारल्या. त्यांच्या उणिवा दाखवणारे समीक्षक पुष्कळ आहेत. ज्या वर्षांत हे मासिक बंद पडण्याच्या काठावर होते त्या वर्षांत त्यांच्या मुखपृष्ठांनी ते विक्रेत्यांच्या मांडणीवर टिकवून धरले, हे श्रेय त्यांना निःसंकोच दिले पाहिजे.

फिन्ले यांना १९३८ मध्ये पगाराची नोकरी मिळाली. हर्स्ट वृत्तपत्रसमूहाच्या ‘द अमेरिकन वीकली’ या रविवारच्या पुरवणीचे संपादक ए. मेरिट हे स्वतः अद्भुतकथांचे नामवंत लेखक होते. त्यांनी फिन्ले यांना न्यूयॉर्कला बोलावून घेतले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फिन्ले यांचा विवाह झाला. ठरलेल्या वेळी कचेरीत बसून काम करणे मात्र त्यांना जमले नाही. दुपारच्या जेवणाची सुटी लांबवल्यामुळे त्यांना काढून टाकले गेले आणि पुन्हा घेतलेही गेले. मासिकांचे बाहेरचे काम त्यांनी सोडले नव्हतेच. मन्सी यांच्या संस्थेने १९३९ मध्ये सुरू केलेले ‘फेमस फँटॅस्टिक मिस्टरीज’ हे जुन्या कथांचे पुनर्मुद्रण करणारे मासिक त्यांना विशेष लाभले. मेरी नेडिंगर यांच्या संपादनाखालील या मासिकात कथा जुन्या असल्यामुळे नावीन्याचा भार चित्रांवर पडत असे, आणि वाचकांना फिन्ले यांची चित्रे इतकी हवी होती की १९४१ मध्ये ती चांगल्या कागदावर सुटी छापून त्यांचा संच विकायला काढण्यात आला. चित्र कथेपासून वेगळे होऊन स्वतःच्या बळावर विकले जाऊ शकते, हे या बाजाराने बहुधा येथे प्रथम ओळखले. त्या विक्रीचे हक्क चित्रकाराने राखून ठेवायचे असतात ही कल्पना मात्र अजून रुजली नव्हती.

प्रचलित व्यवहार असा होता की प्रकाशक चित्र सरसकट विकत घेई, म्हणजे एकदा पैसे दिले की छापण्याचा, पुन्हा छापण्याचा आणि मूळ कागद जवळ बाळगण्याचा असे सगळेच अधिकार त्याच्याकडे जात. १९०९ च्या कायद्याखाली न्यायालयेही सामान्यतः असेच मानीत की सांगून करवून घेतलेल्या कामाचा स्वामित्वहक्क, वेगळा करार नसल्यास, करवून घेणाऱ्याचा. छपाई झाल्यावर मूळ चित्रांचे काय करायचे हे संपादकाच्या मर्जीवर असे: काही गठ्ठ्यांत बांधून ठेवली जात, काही टाकून दिली जात, काही पत्रे लिहिणाऱ्या वाचकांना भेट म्हणून जात, आणि काही वाचकसंमेलनांना दिली जात व तेथे लिलावात थोडक्या डॉलरांना विकून संमेलनाचा खर्च भागवला जाई. चाहत्यांचे प्रेम खरे होते, पण त्या प्रेमापोटी बोललेल्या किमतीतला एक सेंटही चित्रकाराच्या घरी पोचत नव्हता.

फिन्ले यांच्याच वर्षी, १९१४ मध्ये, जन्मलेले हॅनिस बोक या क्षेत्रात आले ते अशाच एका संमेलनामुळे. त्यांचे मित्र, तेव्हा अगदी तरुण असलेले रे ब्रॅडबरी, १९३९ च्या न्यूयॉर्क संमेलनाला जाताना बोक यांची चित्रे काखेत मारून बसने देश ओलांडून गेले आणि त्यांनी ती राइट यांना दाखवली. त्याच डिसेंबरच्या ‘वीअर्ड टेल्स’वर बोक यांचे मुखपृष्ठ आले. तरीही १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ते निष्कांचन स्थितीत वारले. ओळख मिळणे आणि चरितार्थ चालणे यांचा या व्यवसायात फारसा संबंध नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४६ या काळात, फिन्ले अमेरिकी सैन्यात होते आणि पॅसिफिक आघाडीवर, विशेषतः ओकिनावा येथे, त्यांनी लढाई पाहिली. परतल्यावर त्यांच्या कामाला पुन्हा वेग आला, आणि युद्धोत्तर वर्षांत विज्ञानकथेची मासिके भराभर वाढत असल्यामुळे मागणीही होती. त्यांच्या चित्रांतील स्त्रिया बहुधा विवस्त्र असत आणि जेथे संपादकाला अडचण वाटावी नेमक्या तेथे बुडबुडे, तारे किंवा प्रकाशाचे ठिपके येत. वाचकांनी यालाच त्यांची खूण मानले, परंतु त्याहून महत्त्वाचे हे की हे बुडबुडे भरण्यातही ते तितकीच मेहनत घेत आणि त्यांच्यामुळे चित्राच्या रचनेत एक तरंगती लय येई. १९५३ मध्ये फिलाडेल्फियाच्या जागतिक संमेलनात वाचकांच्या मतांनी ठरणारे ‘ह्यूगो’ पुरस्कार प्रथमच दिले गेले. त्यांतील आतल्या चित्रांचा पुरस्कार फिन्ले यांना आणि मुखपृष्ठांचा एड एम्शविलर व हॅनिस बोक यांना विभागून मिळाला.

ज्या वर्षी आतल्या चित्रांना हा मान मिळाला त्याच सुमारास आतल्या चित्रांची बाजारपेठ कोसळत होती. ‘फेमस फँटॅस्टिक मिस्टरीज’ १९५३ मध्ये आणि ‘वीअर्ड टेल्स’ १९५४ मध्ये बंद पडले; उरलेली मासिके लहान आकारात आली, आणि १९५७ मध्ये अमेरिकन न्यूज कंपनी या देशव्यापी वितरकसंस्थेने घाऊक वितरणाचा कारभार गुंडाळल्यामुळे पुष्कळ मासिकांची विक्रीची साखळीच तुटली. दूरचित्रवाणी आणि स्वस्त कागदी बांधणीची पुस्तके यांनी वाचकांचा वेळ व पैसा दोन्ही वाटून घेतले होते. त्या पुस्तकांना मुखपृष्ठे लागत, आतली चित्रे लागत नसत. रिचर्ड पॉवर्स यांनी या मुखपृष्ठांवर अमूर्त आकारांची नवी भाषा आणली, आणि केली फ्रीस यांच्यासारखा हरहुन्नरी चित्रकार मासिक, पुस्तक व विनोदी नियतकालिक अशा तिन्ही ठिकाणी काम करून तगला. फ्रीस यांनी ‘अस्टाउंडिंग’ या विज्ञानकथा-मासिकाच्या ऑक्टोबर १९५३ च्या अंकावर काढलेला खिन्न यंत्रमानव १९७७ मध्ये ‘क्वीन’ या इंग्लिश वाद्यवृंदाच्या तबकडीच्या वेष्टनावर नव्याने अवतरला. फिन्ले यांचे सामर्थ्य मात्र काळ्या-पांढऱ्यातच होते. त्यांनी ज्योतिषाच्या मासिकांची वाट धरली, आणि राशी, ग्रह व भविष्य यांच्यासाठी तीच निब, तोच ठिपका वापरून चित्रे काढली. याला काही चरित्रकार अधोगती म्हणतात, ते पटण्यासारखे नाही. ज्योतिषाच्या त्या पानांवरही त्यांनी हात आखडता घेतला नाही, आणि पैसे देणारा जो विषय देईल त्याला पूर्ण न्याय देणे हाच मुक्त व्यावसायिकाचा धर्म ते पाळत होते. १९६९ च्या आरंभी त्यांच्यावर कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर काही काळ ते पुन्हा कामाला लागले, पण रोग उलटला आणि १८ जानेवारी १९७१ रोजी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी ते वारले. पस्तीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी २६०० हून अधिक चित्रे काढली होती.

फिन्ले यांच्या शेवटच्या दशकात या व्यवसायातील मालकीचा प्रश्न दुसऱ्याच एका चित्रकाराने सोडवायला घेतला होता. ब्रुकलिनचे फ्रँक फ्रॅझेटा (१९२८–२०१०) हे चित्रकथांतून पुस्तकांकडे आले, आणि एडगर राइस बरोज यांच्या पुस्तकांची मुखपृष्ठे करताना मूळ चित्रे प्रकाशकाकडेच राहतात याचा त्यांना त्रास झाला. १९६६ पासून ‘लान्सर’ या प्रकाशनाने काढलेल्या कोनन या रानटी योद्ध्याच्या कथांना त्यांची मुखपृष्ठे लाभली, तेव्हा प्रकाशकाला छापण्याचा अधिकार द्यायचा आणि रंगवलेले चित्र परत घ्यायचे, अशी त्यांची भूमिका होती. पुस्तके प्रचंड खपली आणि फ्रॅझेटा यांच्या नावावर पुस्तके खपतात हे प्रकाशकांना उमगल्यामुळे त्यांच्या अटी मान्य होत गेल्या. व्यवहार पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी एली यांनी त्याच चित्रांच्या मोठ्या प्रती टपालाने विकल्या. १९७५ मध्ये बॅलन्टाइन या प्रकाशनसंस्थेने त्यांच्या चित्रांचे स्वतंत्र पुस्तक काढले. १९६९ च्या एका भयकथा मासिकासाठी त्यांनी रंगवलेले ‘इजिप्शियन क्वीन’ हे चित्र घराण्याकडेच राहिले होते, आणि २०१९ मध्ये ते लिलावात ५४ लाख डॉलरना विकले गेले. फ्रॅझेटा यांच्या रंगकौशल्याविषयी जितके लिहिले गेले आहे त्याच्या दशांशही या करारांविषयी लिहिलेले नाही, वास्तविक पुढच्या पिढीला त्यांचा खरा वारसा या करारांतून मिळाला.

एकट्याने मिळवलेल्या या सवलतीला कायद्याचा आधार नंतर आला. अमेरिकेचा १९७६ चा स्वामित्वहक्क कायदा १ जानेवारी १९७८ पासून अमलात आला, आणि त्यात चित्रकाराने नोकरीत नसताना केलेल्या कामाचा हक्क मुळात त्याचाच, असे गृहीत धरले गेले. असे काम प्रकाशकाचे ठरायचे असेल तर ते कायद्यात नमूद केलेल्या थोड्या प्रकारांत बसले पाहिजे आणि तसा लेखी करार दोघांच्या सहीने झाला पाहिजे. मासिकातील चित्र या प्रकारांत बसू शकत असल्यामुळे काही प्रकाशकांनी कराराचे छापील कागद पुढे सरकवायला सुरुवात केली, आणि सही करण्यापूर्वी कागद वाचणे हे चित्रकाराच्या कामाचा भाग बनले. १९७६ मध्येच विज्ञानकथा व अद्भुतकथा चित्रकारांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. अवकाशचित्रांचे आद्य चित्रकार चेस्ली बोनस्टेल यांच्या नावाने तिने १९८५ पासून पुरस्कार सुरू केले. संमेलनांतील चित्रांचे प्रदर्शन १९६० च्या पिट्सबर्ग संमेलनापासून नियमित होऊ लागले होते, आणि तेथे मूळ चित्र विकले गेले की पैसे चित्रकाराला मिळत. एकच चित्र मासिकाला एका वापरापुरते द्यायचे, परदेशी आवृत्तीला वेगळे, दिनदर्शिकेला वेगळे, आणि मूळ फलक संग्राहकाला, ही आजच्या व्यावसायिकाची रीत याच काळात घडली. फिन्ले यांना ती लाभली असती तर ८ डॉलरचे गणित निराळे झाले असते.

त्यांच्या मृत्यूच्या वर्षीच प्रकाशक डोनाल्ड ग्रँट यांनी त्यांच्यावरील पुस्तक काढले, आणि संग्राहक गेरी डी ला री यांनी १९७५ ते १९८१ या काळात त्यांच्या चित्रांचे सात खंड प्रसिद्ध केले. यांतील अनेक चित्रे मूळ पुठ्ठ्यांवरून, चांगल्या कागदावर छापलेली असल्यामुळे पल्पमध्ये करडा डाग म्हणून दिसणारा भाग प्रत्यक्षात सुट्या ठिपक्यांचा आहे हे वाचकांना प्रथमच दिसले. ज्या चित्रांच्या मूळ प्रती लिलावांत विखुरल्या किंवा कचऱ्यात गेल्या त्यांच्यासाठी मात्र छापील अंक हाच एकमेव पुरावा आहे, आणि लगद्याच्या कागदातील आम्लामुळे तो पिवळा पडून कडेने तुटत चालला आहे. अशा चित्रांत एखादी छटा बुजलेली दिसली तर ती फिन्ले यांनी तशी योजली होती, ब्लॉक करताना बिघडली, की छापताना शाई पसरली, हे त्याच काळातील मूळ चित्रे आणि त्यांचे छापील रूप शेजारी ठेवूनच ठरवावे लागते. आणि म्हणून त्यांच्या चित्रांच्या सूचीत प्रत्येक नोंदीपुढे मूळ उपलब्ध आहे की केवळ छापील प्रत, हे लिहिणे अभ्यासकाला टाळता येत नाही.